गाड्यापुढची घोडी

मला नसत्या चौकशा करायची सवय आहे. मंचरला माझं शिवणकामाचं दुकान आहे आणि ब्लाऊजचं माप घेता घेता मी समोरच्या बाईच्या सासरची अख्खी कुंडली काढते, असं आमचे हे म्हणतात. ते खोटं नाही. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाला, दादाला, डॉक्टरांनी घोड्यांकडे जायला सांगितलंय असं वहिनीने फोनवर कळवलं, तेव्हा काळजी वाटायच्या आधी मला प्रश्नच पडले. त्याने घोड्यावर बसायचं का? बसून जायचं कुठे? आणि घोडं माणसाला बरं करतं ते नेमकं कसं? वहिनी म्हणाली, मला काय ठाऊक, तूच गाडी घेऊन ये आणि विचार तुझं तू.

दादा फौजेत होता. निवृत्त व्हायच्या आधी एकदा डोंगरातल्या रस्त्याने जाताना त्याच्या मागच्या गाडीखाली स्फोट झाला. त्याला स्वतःला खरचटलंसुद्धा नाही. एवढंच त्याने आम्हाला सांगितलं. चौकशीत माझा हात कुणी धरणार नाही, पण त्यापुढचं एक अक्षर मला त्याच्याकडून काढता आलं नाही.

तो निमगाव सावाला घरी आला तो अर्धामुर्धाच आला. भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसायचा नाही. रात्री झोप नाही. एकदा दुपारी त्याचा डोळा लागला म्हणून वहिनी त्याच्या अंगावर गोधडी टाकायला वाकली, आणि त्याने झोपेतच तिला असं भिरकावलं की तिचं मनगट मोडलं. जागा झाल्यावर तिला उचलून दवाखान्यात घेऊन पळाला तोही तोच. त्या दिवसापासून त्याने आपलं अंथरूण शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेलं. पुढे भाच्याला, म्हणजे त्याच्या मुलाला, मुलगी झाली. दादाने नातीला हात लावला नाही. बारशाला तो रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या लावत उभा राहिला. पोरगी रांगत त्याच्याकडे निघाली की तो उठून मळ्याची वाट धरायचा. माझ्या हाताचा भरवसा नाही, असं त्याने वहिनीला सांगून टाकलं होतं. गोळ्यांनी झोप जरा सुधारली, पुण्याच्या डॉक्टरीणबाईंपाशी तो थोडं बोलायलाही लागला. पण घरात सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीसाठी खालीवर होत होता, त्याने एकदा तरी नातीला घ्यावं.

ओतूर सोडून डिंगोऱ्याकडे निघालं की रस्त्यापासून आत एका शेतात तो तबेला आहे. फौजेतल्या घोड्यांपाशी नोकरी केलेले एक सुभेदार तो चालवतात आणि रविवारी डॉक्टरीणबाई तिथे येतात. आजूबाजूच्या तालुक्यांतले काही निवृत्त फौजी जमतात. मी मनात सर्कशीची तयारी करून गेले होते. तिथे पाहते तर बांबूचं कुंपण, आत तीन घोडी, आणि त्यांच्यापासून हातभर लांब गप्प उभी असलेली मोठमोठाली माणसं. कुणी काही करेना. मढ गावाकडचे एक गृहस्थ तर घोड्याच्या मानेवर नुसता हात ठेवून डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, एवढ्यासाठी आम्ही डिझेल जाळलं?

मग मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी समजावून सांगितलं ते मला पटलं. घोडं मुळात भित्रं जनावर. धोका आधी ओळखला तरच ते जगणार, म्हणून त्याचे कान सतत चारी बाजूंना. शेजारचं माणूस ताठलेलं असलं की तेही ताठतं, आणि माणसाचा श्वास सैल झाला की तेही मान खाली सोडतं. ज्याला स्वतःच्या अंगात काय चाललंय ते कळेनासं झालंय त्याला ते समोर दिसतं. गोळ्या आणि बोलणं चालूच राहणार, हे त्याच्या जोडीला. सगळ्यांना मानवतंच असंही नाही, एक जण वासाने हैराण होऊन परत गेला म्हणे. मी विचारलं, पण माणसांचं हे सगळं अंगावर घेऊन घोड्याला त्रास होत नाही का? तेव्हा बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणूनच प्रत्येक घोड्याकडून थोडाच वेळ काम घेतो, आणि ते निघून गेलं तर जाऊ देतो, असं त्या म्हणाल्या. मला उगाचच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

दादाच्या वाट्याला आलेली घोडी शर्यतीतली होती. आमच्याकडे बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक स्वार घोडी पळवतो आणि तिच्या मागे बैल जीव खाऊन धावतात. जत्रेत सगळ्यांचा डोळा बैलांवर. फ्लेक्स बैलांचे, मिरवणूक बैलांची, भंडारा बैलांवर. ही घोडी कित्येक घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, पळाली होती. पुढे पुढे तिला पाठीमागून काहीही आलेलं सोसेना, तेव्हा मालकाने ती सुभेदारांना देऊन टाकली. मी लहानपणापासून शर्यती पाहत आलेय. गाडा कुणाचा, बैल कुठून आणला, मागच्या खेपेला का हरला, सगळ्या चौकशा केल्या असतील. पण हलगी आणि आरडाओरड्यात पाठीवर चार बैल येताना त्या घोडीला काय होत असेल, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. याची मला त्या दिवशी फार चुटपुट लागली.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. शेतकऱ्याच्या पोराला जनावर म्हणजे बैल. बैलाकडे आपण मागून जातो, पुठ्ठ्यावर थाप मारतो, तो शेपटी हलवतो आणि काम सुरू होतं. दादाही तसाच गेला, आणि त्यातही आवाज न करता, कारण तशी त्याला सवयच लागलेली. घोडीने मागचे पाय असे झाडले की कुंपणाचा बांबू काडकन मोडला. दादा उडून तबेल्याच्या भिंतीला चिकटला. घोडी एका टोकाला थरथरत होती आणि हा दुसऱ्या टोकाला. मी पर्समधून गाडीची चावी काढली, म्हटलं आटोपलं आपलं.

सुभेदार जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यांनी तिथूनच सांगितलं, "राव, लांबूनच बोलत या. काय बी बोला. ती वळून बघंस्तवर थांबा, मग हात लावा."

दादा बराच वेळ भिंतीपाशी उभा राहिला. मग तो बोलायला लागला, आणि काय बोलावं तर टोमॅटोवर यंदा करपा किती पडलाय आणि कोणत्या फवारणीचा काही उपयोग झाला नाही. मला हसू आवरेना. घोडीचा एक कान त्याच्याकडे वळला. करप्यावरून तो ठिबकच्या नळ्यांवर आला, मग उंदरांनी नळ्या कशा कुरतडल्या त्यावर, तोवर तिने तोंड वळवून त्याच्याकडे पाहिलं. घरात तो आठवड्यात इतकं बोलत नव्हता. त्या दिवशी त्याने हात लावला नाही. पुढच्या रविवारी लावला.

असे दोन-तीन रविवार गेले. एकदा परत आल्यावर मी चहाला थांबले, आणि रोजचंच घर मला वेगळं दिसायला लागलं. सूनबाईने पैंजण काढून ठेवलेले. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजत होती. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. भाचा बाहेरून आला तो फाटकातच चपला काढून, मांजराच्या पावलांनी. दादा दचकू नये म्हणून हे सगळं, कुणी कुणाला न सांगता, चार वर्षांत बसत गेलेलं. मीही त्या घरात गेले की कुजबुजतच बोलायची. वहिनीने चहाचा कप अलगद आणला आणि चुकूनही आवाज होणार नाही असा दादाच्या कोपराशी ठेवला. तो ताडकन उठला, कप फुटला. वहिनी फडकं घेऊन बसली, आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. तासाभरापूर्वी सुभेदार नव्याने आलेल्या एकाला तेच सांगत होते, लांबूनच बोलत या म्हणून.

पुढच्या रविवारी गाडीत मी दादाला सरळ विचारलं, की आमचं हळू चालणं तुला बरं वाटतं का.

तो म्हणाला, "तुमी समदी चोरावानी येता. पार अंगाशी आल्यावर कळतं, कोनतरी हाये."

"मग सांगायचं नाही का इतक्या दिवसांत?"

"माझ्यासाठीच करत व्हता ना समदं. तुमाला काय सांगू?"

मला इतकी चीड आली की मी ओतूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. चीड त्याची आली, आमची आली, आणि दुसऱ्यांच्या घरात हजार चौकशा करणाऱ्या माझी तर फारच आली. मग रडू आलं. दादाने मला पाण्याची बाटली दिली.

घरी मी हे सांगितलं तेव्हा वहिनी आधी भडकली. माझ्याच घरात मी चार वर्षं तोंड दाबून वावरले आणि यांना नेमकं तेच नको होतं, असं म्हणून तिने भांडीच आदळली. त्या आवाजाला दादा दचकला नाही. ती तिथे उभी आहे, चिडली आहे, हे त्याला दिसत होतं. तिथपासून त्या घराची रीतच फिरली. फाटकातूनच भाच्याच्या हाका सुरू. अण्णा, मी आलो. अहो, चहा आणते. मामंजी, मागून जातेय बरं का. पहिल्या आठवड्यात शेजारीण भांडण मिटवायला म्हणून आली. मी वहिनीला म्हटलं, आता एक लाऊडस्पीकरच बसवून घ्या.

दादा खडखडीत बरा झाला असं मी म्हणणार नाही. लग्नसराईत फटाके वाजले की तो आजही मळ्यात जातो, आणि कधीकधी रात्रीचा ओरडत उठतो. पण अंथरूण त्याने मोटारीच्या खोलीतून पडवीत आणलं. घोडीच्या पाठीवर तो अजून बसलेला नाही, तिच्याशी बोलतो मात्र पुष्कळ. नातीपासून तो तसाच लांब राहिला. त्याबद्दल विचारायची हिंमत मलाही झाली नाही.

मग एका रविवारी आम्ही डिंगोऱ्याहून परतलो तेव्हा नात पडवीत सतरंजीवर बसून डब्याचं झाकण चावत होती. दादाने हातपाय धुतले, पंच्याला पुसले आणि भाच्याला म्हणाला, "आन तिला हिकडं."

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. भाच्याने लेकीला उचलून दादापुढे धरलं. दादाने दोन्ही हात पुढे केले, टेम्पोतून खताची गोणी घ्यायला उभं राहावं तसे, आणि तो तसाच उभा राहिला. घेईना. त्याला घाम फुटला होता. वहिनी पुढे आली आणि राहू द्या, पुढल्या वेळी बघू, असं म्हणाली. आम्हाला सगळ्यांना वाटलं की तो घाबरला.

दादा भाच्याकडे बघत होता. "भ्या न्हाई वाटत रं," तो म्हणाला. "धरायची कशी तेच ठावं न्हाई. तुला कधी घेतलंच न्हाई."

हे खरं होतं. भाचा जन्मला तेव्हा दादा तिकडे सीमेवर होता. सुट्टी मिळून तो आला तोवर पोरगं अंगणभर पळत होतं, आणि या परक्या माणसाला बघून वहिनीच्या पदराआड लपलं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि आमच्यातल्या एकालाही ते आठवलं नव्हतं.

भाचा अगदी जवळ गेला, दादाचा एक हात घेऊन लेकीच्या खाली ठेवला, दुसरा तिच्या पाठीवर ठेवला. "असं," तो म्हणाला. "आता जरा छातीशी घ्या." नातीने दादाच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं. भाच्याने आपले हात काढले नाहीत. ते बराच वेळ बापाच्या हातांवरच होते.