मोठ्या बाईंची पूर्ण यादी

मोठ्या बाई कुठल्याच यादीवर विश्वास ठेवत नसत. स्वतः लिहिलेल्याही नाही. काशीमीऱ्याच्या गोदामात आम्ही दोघंच सर्व्हर सांभाळायचो. त्या प्रमुख, मी सहा महिन्यांच्या चाचणीवर. कपाटाचं कुलूप त्या तीनदा ओढून बघत आणि मग मला म्हणत, "आता तू ओढ. माझा हात माझीच बाजू घेणार."

नवे प्रोग्राम बसवायला आमच्या सर्व्हरवर पॅकेज मॅनेजर नावाचा एक प्रोग्राम होता. एखाद्या प्रोग्रामला दुसरी कुठली फाइल लागली, तर ती कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते तो भांडाराच्या, म्हणजे जिथून पॅकेजं उतरवायची त्या साठ्याच्या, यादीत शोधतो आणि तेही पॅकेज बसवतो. बाई म्हणत, "तो माल बघत नाही, नोंद बघतो. म्हणून आपण दोन्ही बघायचं."

एका शनिवारी दुपारी लेबल छापायचा प्रोग्राम बसेना. लागणारी एक फाइल कोणतंच पॅकेज देत नाही, असा संदेश येई. दारात अकरा ट्रक उभे. लेबलाशिवाय एक खोकं हलणार नव्हतं. "भाई, लेबल निकला क्या?" एक ड्रायव्हर सारखा डोकावत होता. बाई जेवायला गेल्या होत्या. मी त्याच नावाची रिकामी फाइल बनवून जागेवर ठेवली. मॅनेजर बधला नाही. फाइल नुसती असून चालत नाही, ती एखाद्या पॅकेजच्या नावावर लागते.

बाई आल्या. संदेशावर बोट ठेवून म्हणाल्या, "नाही म्हणतोय, ते कुठली यादी बघून?"

वेळ वाचावा म्हणून मॅनेजर आधी छोटी यादी उतरवतो. तिच्यात नेहमीच्या मोजक्या फोल्डरांमधल्याच फाइली असतात. आमची होती आडबाजूच्या फोल्डरात. बाईंनी पूर्ण यादी मागवली, तीही साठवलेली जुनी नव्हे, ताजी. फाइल सापडली, भलत्याच नावाच्या पॅकेजमध्ये.

मला हायसं वाटलं. बाईंना नाही. पॅकेज बसवण्याआधी त्यांनी तो फोल्डर उघडला. राग आला की त्यांच्या तोंडी त्यांच्या मूळ गावची, चौकची, बोली येई.

"इथं आधीच एक फाइल हाय. शून्य बाइट. कोनाची?"

मी तेच मॅनेजरला टाइप करून विचारलं.

"मशीन म्हणतं, कोणाचीच नाही. आता तुला विचारतेय."

"माझी, बाई."

"मॅनेजर फसला असता तर?"

"प्रोग्राम बसला असता."

"आणि छापलं काय असतं?"

"काहीच नाही."

"म्हणजे अकरा ट्रक कोरे. बारावा तू."

बाईंनी माझी फाइल काढली, पॅकेज बसवलं. ट्रक चारला सुटले. नोकरी गेली, असं मी धरून चाललो होतो. बाईंनी अहवालात तीन वाक्यं लिहिली आणि मला वाचायला लावली: 'खोटी फाइल ठेवली. विचारल्यावर कबूल केलं. चाचणी तीन महिने वाढवावी, माझ्या नजरेखाली.' ते सगळे महिने मशीनला द्यायची माझी प्रत्येक आज्ञा त्यांनी बोट ठेवून वाचली आणि मगच मला एंटर दाबू दिलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सर्व्हरचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. मी त्यांच्यासमोरच लॉगिन केलं आणि सगळ्यात आधी तो पासवर्ड बदलला, एका हातानं कीबोर्ड झाकून.

"माझ्यावरपण संशय?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई."

"मग जाते मी," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि कपाटाचं कुलूप न ओढताच बसथांब्याकडे निघाल्या. एकदाही मागे वळून बघितलं नाही.