माइक नसलेला ब्राउझर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. चिक्कडपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. माझ्या मायला तर चांगलंच ठाऊक होतं. किती, ते मला फार उशिरा कळलं.

घरात आम्ही दोघीच. माय नांदेडकडची, लग्न होऊन हैदराबादला आली त्याला पन्नास वर्षं झाली. मराठी, तेलुगू, दखनी, तिन्ही फाडफाड बोलते, पण अक्षर एकाचंही ओळखत नाही. सहीपुरतं नाव तेवढं गिरवते. तिच्यासाठी आबिड्सच्या बाजारात फोन घेतला तेव्हा दुकानदारानं विचारलं, "अम्मा का ईमेल आयडी?" मायचा कसला आलाय ईमेल! माझाच घाल म्हटलं. सगळे तेच करतात. अख्ख्या घराला एक अकाउंट, आणि ते त्याचं, ज्याला पासवर्ड आठवतो.

त्या फोनमध्ये मायला माइक सापडला. तो दाबायचा, बोलायचं, की फोन उत्तर वाचून दाखवतो. सुरुवातीला तर ती त्याला आदरानं हाक मारायची, "अवो, आज पौर्णिमा हाय का? विहारात जायचंय." सत्तरी ओलांडलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडाकडे न बघता काही विचारता येत होतं. त्याआधी प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक गोळीचं पाकीट माझ्यापुढे धरावं लागायचं, आणि मी बॅग खांद्यावरून खाली ठेवायच्या आधीच खेकसायची, "थांब गं माय, आत्ताच आले ना!"

मग ऑफिसात ती मीटिंग झाली. माझा कॉम्प्युटर भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला, त्यावरही तेच अकाउंट. कुठलंसं पान उघडलं आणि बाजूला जाहिरात झळकली: मोठ्या माणसांचे डायपर. एक नाही, वर-खाली तीन. शेजारच्या टेबलावरचा खिदळला, "क्या मॅडम, अब्बीच से?" सगळे हसले. साहेबही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी अकाउंटची हिस्टरी उघडली. तिथं माय होती. ओळीच्या ओळी, तिच्या बोलण्यात, फोनला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. लघवी थांबत नाही काय करावं. बसमध्ये लघवी झाली तर. खोकलं की होती ती बंद कशी करावी. आणि सगळ्यात खाली, मुलीला न सांगता डॉक्टरकडे कसं जावं.

मी ते वाचलं. डबा तसाच झाकून ठेवला. आता कुणी म्हणेल, त्याच संध्याकाळी मी मायला दवाखान्यात नेलं असेल. नाही नेलं. मी ब्राउझर बदलला.

नुसता ब्राउझर नाही, अख्खी मोहीम काढली. शनिवार-रविवार बसून मेल दुसरीकडे हलवली, फोटो हार्ड डिस्कवर उतरवले, नकाशे काढून टाकले. आपल्या घरातलं बोलणं ऐकून बाजारात विकतात काय, थांबा मेल्यांनो! हिस्टरी तर सगळ्यात आधी पुसली. ती शेवटची ओळसुद्धा पुसली, आणि पुसताना मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटलं.

मायच्या फोनवरही नवा ब्राउझर घातला. कुणावर पाळत न ठेवणारा, म्हणे सज्जन लोकांनी बनवलेला. तिनं फोन उलटापालटा करून बघितला.

"आन् आता ह्याला बोलायचं कुठून?"

"बोलायचं नाही. ते सगळं ऐकत होतं आणि गावभर सांगत होतं. ह्यात लिहायचं."

"मला लिहिता येतंय का?"

"मग शीक की!"

आमच्या घरात 'शीक' हा शब्द साधा नाही. बापानं ह्या एका शब्दावर मला वाढवलं, हमाली करून फी भरली. तोच शब्द मी मायच्या तोंडावर फेकला. तिनं फोन चार्जिंगला लावला आणि भाकरी थापायला गेली.

त्यानंतर तिनं मला काहीच विचारलं नाही. ऑफिसात मी मात्र प्रायव्हसीवर भाषणं ठोकत होते. तो खिदळणारा आता माझ्याकडून नव्या ब्राउझरची माहिती घेत होता, आणि मी सांगत होते, माणसाचं खाजगी ते खाजगीच राहिलं पाहिजे. काय तो माझा रुबाब!

घरात माय रविवारी विहारात जायची बंद झाली. गुडघे असतील, असं मी ठरवून टाकलं. मग तिच्या पाण्याच्या तांब्याकडे माझं लक्ष गेलं. सकाळी भरलेला तांब्या मी संध्याकाळी येईपर्यंत तसाच. म्हटलं, "पाणी का पीत नाहीस?" म्हणाली, "तहान नसती." मला सगळं माहीत होतं. विचारायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते हे, "मग आजारी पड, आणि माझी सुट्टी घालव."

एका रविवारी मी हरले. जुनं सगळं परत टाकलं, माइकसकट. फोन तिच्यापुढे धरला. "घे. बोल त्याच्याशी." तिनं हात मागं घेतला.

"नक्को. ते सांगतंय म्हणालीस ना सगळ्यांला."

"अगं, आता नाही सांगणार."

"नक्को म्हणलं ना, बाई."

पुढच्या आठवड्यात थंडी वाजून ताप भरला, कंबर धरून बसली. कोठी भागातल्या एका बाईडॉक्टरकडे घेऊन गेले. पाणी कमी पिऊन लघवीत इन्फेक्शन झालंय, हे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं. मग मायकडे वळून तेलुगूत विचारलं, हा त्रास कधीपासून, कसा होतो.

मी उत्तर द्यायला सरसावले. सगळं पाठच होतं मला. बस, खोकला, सगळं. मायनं माझ्या दंडावर हात ठेवला. ताप होता, तळवा भाजत होता.

"तू भायेर बस."

"अगं माय, मी सांगते ना त्यांना नीट."

"माझं मी सांगते. तू बस भायेर."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही. नर्सनं दार लावून घेतलं. बाकड्यावर दोन बाया नंबरची वाट बघत होत्या, त्यांच्या शेजारी मी बसले. आतून मायचा आवाज येत होता. हळू, पण न थांबता बोलत होती. इतकं ती माझ्याशी कितीतरी वर्षांत बोलली नव्हती. शब्द कळत नव्हते.

मी उठले. त्या दोघी बघत होत्या, तरी उठले, आणि दाराला कान लावला.