मुलुंडच्या डोंगरावरचा राब

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात मी कऱ्हाडहून मुलुंडला बहिणीकडे पोचलो, तेव्हा भर दुपारी तिच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. आत पाच वर्षांची भाची मिनी उशीला टेकून बसली होती. तिला दमा. इवलीशी छाती भात्यासारखी हलत होती. मागच्या डोंगरावरून धूर खाली उतरत होता.

"पाड्यावर राब भाजतायत," दाजी म्हणाले. राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून जाळणं) मला ऐकून ठाऊक होता. मूळ मालवणचे दाजी पुढे म्हणाले, "आमच्या मालवणाक पण भाजतत. त्यांका काय सांगतलस?"

सांगायचं कसलं, भांडायचंच, असं म्हणून मी दाजींना ओढतच डोंगर चढलो.

चढणीनं माझा सगळा तोरा उतरवला. पाड्यावर पोचलो तो घामाघूम होऊन. राबापाशी बसलेल्या सोमीबाई नावाच्या म्हातारीनं आधी तांब्याभर पाणी दिलं, मग पानावर करवंदं. करवंदं खात खात भांडता येत नाही, हवं तर करून बघा.

शेवटी दाजींनीच मिनीचं सांगितलं. म्हातारी उठली. मग तिनं मूठभर राख उधळली. राख सरळ मुलुंडकडे गेली.

"दुपारचा वारा खाली जातो," ती म्हणाली. "सकाली खाडीवरनं वर येतो. उरलंत तीन राब, ते सकाली पेटवू."

"मग आजवर दुपारीच का?" मी जरा जोरातच विचारलं.

"सकाली आमी बाया करवंदं घेऊन बाजारात जातो ना. आगीपाशी कोन बसंल? रान पेटंल."

"आणि आता?"

"आता काय! तीन दिस नाय जानार बाजारात."

मी मान खाली घालून उरलेली करवंदं संपवली.

पुढच्या तिन्ही सकाळी धूर डोंगर चढून रानात शिरताना मी गच्चीतून पाहिला. दुपारी खिडक्या उघड्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी मिनी गॅलरीत लंगडी घालायला लागली आणि बहीण दारातच बसून रडली. आम्ही घावन्यांचा डबा घेऊन पुन्हा वर गेलो. "येवढ्यासाठी चढलास व्हय रं?" सोमीबाई हसली. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

कऱ्हाडबाहेरच्या आमच्या मळ्यावर परतलो तर ऊस तुटून गेलेला आणि रानभर पाचट (उसाची वाळलेली पानं) पडलेलं. नेहमीप्रमाणे काडी ओढली, आणि हात थांबला. पंधरा वर्षं मी पाचट जाळत होतो, पण धूर कुठं जातो हे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. वारा कऱ्हाडकडे होता.

काडी विझवली. पाचट सरीतच पसरून ठेवलं. पण मागच्या पंधरा वर्षांचं काय? त्या गावात कुणाच्या तरी बहिणीनं खिडक्या लावून घेतल्या असतील, आणि भांडायला यावं तर तिला माझा पत्ताही ठाऊक नसेल.