बुंध्याशी राहिलेलं हिरवं
ताज्या छाटलेल्या फांद्यांचा वास आला की मला स्टुटगार्टमधला तो एप्रिल आठवतो. सासऱ्यांनी भारतात परतण्याआधी आमच्या बागेत लावलेलं डाळिंब हिवाळ्यात पार काळं पडलं होतं, आणि घरमालकीण कुदळ घेऊनच आली होती. "मेलंय ते," ती म्हणाली. फोनवर सासरे दर वेळी त्याचीच चौकशी करत. "जरा थांबा," म्हणत मी खाली बसले आणि नखाने फांद्या खरवडू लागले. सगळ्या आतून तपकिरी, कोरड्या. शेवटी मातीलगत बुंध्याला नख लावलं, तर सालीखाली ओलं, हिरवंगार! तिने वाकून पाहिलं आणि हसून म्हणाली, "आल्झो, बरं तर, राहू दे!" मातीच्या हातांनीच मी पुण्याला सासऱ्यांना फोन लावला आणि ओरडले, "बाबा, जगलंय!" त्यानंतर नोकरीच्या, बढतीच्या कितीतरी बातम्या मी घरी कळवल्या, पण एवढ्या मोठ्याने एकही नाही.