चौथा नियम आणि मायचा सडा

आयुष्यात मी एकदाच शर्यतीचे नियम लिहिले आणि त्या नियमांनी आजवर एकच माणूस बाद झाला आहे.

ही गोष्ट कापसाच्या पडत्या वर्षांतली. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव तेव्हा दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं, लाल्या रोग पडलेली कापसाची पऱ्हाटी आणि ती पाहायला येणाऱ्या समित्या. समिती यायची, शेताच्या धुऱ्यावर उभी राहायची, एखादं बोंड फोडून पाहायची, चहा घ्यायची आणि जायची. एका हिवाळ्यात नाईक काका वैतागले. नाईक काका म्हणजे टेकडीवरच्या तांड्याचे प्रमुख. त्यांचा शब्द तांड्यात चालायचा आणि आमच्या गावातही कोणी मोडत नव्हतं. ते म्हणाले, "एखादा साहेब आपल्या गावात हसाले बी येऊ द्या ना बाप्पा."

अशी सायकलची शर्यत निघाली. गावातून टेकडी चढायची, तांड्यातल्या लिंबाला हात लावायचा आणि त्याच वाटेनं खाली यायचं. पहिल्या नंबराला नवी कोरी सायकल. ती तालुक्याचा एक बियाणेवाला देणार होता. (आदल्या वर्षी त्याचं बियाणं उगवलं नव्हतं. सायकल तरी चालेल, असं लोक म्हणत होते.)

आता आमच्या घरचं सांगतो. घरात माणसं तीन, मी, माझी बायको वंदना आणि माझी माय. सायकल एक. मी डांबरी रस्त्यानं दोन किलोमीटरवरच्या शाळेत गणित शिकवायला जायचो. वंदना तांड्यावर अंगणवाडी चालवायची, म्हणजे टेकडी चढून तीन किलोमीटर. सायकल मी न्यायचो आणि ती पायी जायची. सायकलला सपाट रस्ता बरा आणि पायाला टेकडी बरी, असा निवाडा मी लग्नानंतर लगेच करून टाकला होता. न्याय हा माझा आवडता विषय आहे. जिलेबीचा शेवटचा वेढा मी दोऱ्यानं मोजून दोन सारखे भाग करतो आणि मग आधी मी उचलतो.

टेकडीची ती वाट मात्र वंदनेची होती. दर पावसाळ्यात ती वाहून जायची आणि दर दिवाळीनंतर वंदना तांड्याच्या बायांना घेऊन ती पुन्हा उभी करायची. पाण्यानं नाली पाडली की त्यात गोटे भरायचे, वर मुरूम दाबायचा, उतारावर दगड तिरपे रोवायचे म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरतं. हे सगळं तिला यायचं. मीही मदत करायचो. पळसाखाली बसून कुठे खड्डा राहिला ते सांगायचो.

शर्यत ठरली त्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मीबी उतरतो शर्यतीत. सायकल जितली तं माही पायपीट जाईन."

"तू जितली काय अन् मी जितलो काय, सायकल घरातच येते," मी म्हणालो.

"मंग नवी कोणाची?"

"नवी माही. जुनी तुही."

"हा न्याय कोनं केला?"

"मीच."

पुढची भाकरी तव्यावर जरा जोरात पडली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या वाटेवरचा एकेक गोटा तिला ठाऊक होता. ती उतरली असती तर मी हरलो असतो, आणि तेही बायकोकडून, आणि तेही माझे विद्यार्थी पाहत असताना. म्हणून नियम लिहायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. पहिला नियम, गिअरची सायकल चालणार नाही. दुसरा, लिंबाला हात लावलाच पाहिजे. तिसरा नियम मी विचार करून लिहिला. ज्यानं वाटेची देखभाल केली त्याला शर्यतीत उतरता येणार नाही, कारण वाट आधीच पाठ असणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे.

नाईक काकांनी चष्मा पुसून नियम वाचला. "मास्तर, मंग तुमी बी बाद. तुमी बी तं जात होते दुरुस्तीले."

"मी देखरेख करत होतो, काका. देखभाल नाही."

"पळसाखाली?"

"हव."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मला उतरायची परवानगी दिली. चौथा नियम मी प्रल्हादसाठी लिहिला. प्रल्हाद आमचा शेजारी, धंद्यानं शिंपी. दिवसभर मशीन चालवून त्याच्या पिंडऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. तो आदल्या दिवशी वाटेवर काहीतरी करून ठेवील असा मला उगीचच संशय होता. म्हणून, काकांनी एकदा वाट तपासली की कोणी तिला हात लावायचा नाही. ज्या घरच्या माणसानं हात लावला, त्या घरचा गडी बाद. हा नियम मी लाल शाईनं लिहिला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी काकांनी वाट तपासली. ती आमच्या परसामागून गावात उतरायची. शेवटचं वळण आमच्या मागच्या दाराशी, आणि तिथून वीस पावलांवर शर्यतीचा शेवट. त्या वळणावर मी त्याआधीच स्वतः दोन पाट्या काळी माती टाकली होती. कोणी पडलं तर लागू नये, हा हेतू. त्या अख्ख्या वाटेत माझ्या हातचं काम तेवढंच.

"इथं मुरूमच ठीक होता," वंदना म्हणाली होती.

"माती मऊ असते," मी म्हणालो होतो. गणिताच्या मास्तरला माती कळते असं मला का वाटलं, ते आता सांगता येत नाही.

सकाळी आम्ही नऊ जण निघालो. तालुक्याचे साहेब पांढरा सदरा घालून शेवटच्या रेघेजवळ खुर्चीत बसले होते. चढावर सगळेच उतरून सायकली ढकलत होते, त्यामुळे पहिला अर्धा भाग सायकलची शर्यत कमी आणि सायकल घेऊन चालायची जास्त झाली. लिंबाला हात लावला तेव्हा मी तिसरा होतो. उतारावर मात्र वंदनेच्या तिरप्या दगडांनी वाट इतकी पक्की ठेवली होती की मी ब्रेक सोडून दिले. एकाला मागे टाकलं, मग प्रल्हादला मागे टाकलं. गाव दिसायला लागलं. मी पहिला होतो. त्या क्षणी मी जुनी सायकल कोणत्या हातानं वंदनेला सोपवायची याचाही विचार करून ठेवला.

शेवटच्या वळणावर रांगोळी दिसली. चांगली मोठी, कमळाची. मला वाटलं, माझ्यासाठीच काढली. रांगोळीखालची जमीन ओली आणि हिरवट का आहे, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

चाक त्या मातीवर गेलं आणि सायकल एकीकडे, मी दुसरीकडे. मागून प्रल्हाद माझ्यावर आला. प्रल्हादवर तिसरा, तिसऱ्यावर चौथा. नववा माणूस शहाणा होता, त्यानं वरूनच ब्रेक दाबला आणि बसल्या बसल्या घसरत आला. साहेबांच्या सदऱ्यावर एक शिंतोडा उडाला. शेणाचा वास आला.

मी उठलो. अंगभर काळी माती, शेण आणि पांढरी रांगोळी. पण माझं डोकं न्यायाच्या बाबतीत कधी घसरत नाही. मी सगळ्यांसमोर बोट वर केलं आणि म्हणालो, "काका, बेइमानी झाली. काल तुमी वाट तपासल्यावर कोणीतरी इथं हात लावला. चौथा नियम काढा. ज्या घरचं माणूस असन, त्या घरचा गडी बाद. मंग तो कोणीबी असो, कोणाचीबी गय नाई पाहिजे."

"पक्कं?" काकांनी विचारलं.

"एकदम पक्कं. लाल शाईनं लिहेल हाये."

तेवढ्यात आमच्या मागच्या दारातून माय आली. हातात रिकामी बादली. "कोन म्हन्ते बेइमानी? तुमी टेकडीवर गेल्यावर सडा-रांगोळी मी केली. साहेब येऊन बसले अन् दारासमोर कोरडं ठक्क? लोकं काय म्हन्तीन? तीन बादल्या टाकल्या, कंबर मोडली माही. अन् तू कायले लोळून राह्यला त्याच्यात?"

साहेब हसायला लागले, मग सगळं गाव हसलं. नाईक काकांनी खिशातून माझा कागद काढला, चौथा नियम मोठ्यानं वाचला आणि मला बाद केलं. बाकीचे सगळे पडलेच होते, म्हणून शर्यत पुन्हा घ्यायची ठरली. मायनं चुलीतली राख आणून वळणावर पसरली.

तेव्हा वंदना पुढे आली. तिनं पदर खोचला होता. "काका, आता मी उतरतो."

"तिसरा नियम," प्रल्हाद कपाळावरची माती पुसत म्हणाला. "वयनीले वाट पाठ हाये."

काकांनी विचार केला. "वाट तं आता तुमाले बी पाठ झाली. पाठीनंच मोजून आले ना सगळे? आजच्यापुरता तिसरा नियम संपला. उतरू द्या तिले."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला अन्याय सहन होत नाही, विशेषतः तो माझ्या एकट्यावर होत असला तर. मी म्हणालो, "मंग चौथा नियम? एकाच घरचे हाओत आमी. मी बाद, तं वंदना बी बाद."

वंदनेनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. रोजची ती सहा किलोमीटरची टेकडी तिथे होती, अकरा वर्षांची, आणि मला पहिल्यांदाच जरा लाज वाटली. पण बोललो ते बोललो.

मुद्दा बरोबर होता. काकाही अडकले. शेवटी ते मायकडे वळले. "बाई, तुमी सांगा. ही तुमच्या घरची हाये का नाई?"

आता हे ऐका. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत दूध उतू गेलं की, मीठ जास्त पडलं की, वंदना माहेरी दोन दिवस जास्त राहिली की, माय एकच वाक्य म्हणायची, परक्याची लेक. वंदनेनं ते ऐकून ऐकून कान बंद करून घेतले होते.

मायनं बादली खाली ठेवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"माह्या घरची?" माय म्हणाली. "कायची माह्या घरची? परक्याची लेक हाये ही. अकरा वर्सं झाले सांगून राह्यलो, कोनी आयकलं?"

असं म्हणून तिनं माझी सायकल उचलली आणि पदरानं सीट पुसून सुनेच्या हातात दिली. हँडल वाकडं झालं होतं. काकांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून ते सरळ केलं. वंदनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी पाहिलं आणि मग माझ्याही आलं. (राख उडत होती, असं मी तेव्हा प्रल्हादला सांगितलं.)

बाकी सांगण्यासारखं फार नाही. चढावर आठ जण उतरून ढकलत होते आणि वंदना कुठल्या दगडाच्या डावीकडून घ्यायचं ते बघत सीटवर बसून वर गेली. ती परत आली तेव्हा प्रल्हाद अजून टेकडीच्या माथ्यावर होता. साहेबांनी तिला नवी सायकल दिली. दुसऱ्या दिवशी ती त्या सायकलवर तांड्याला गेली, आणि मायनं दारातून ओरडून सांगितलं, "हळू जाय वं माय, उतारावर." दूध त्या दिवशीही उतू गेलं होतं. माय काही बोलली नाही.

काकांनी मात्र जाता जाता एक पाचवा नियम घातला. जो बाद होईल, त्यानं पुढे वाटेची देखभाल करायची. तेव्हापासून दर दिवाळीनंतर टिकास, फावडं आणि घमेलं घेऊन मीच टेकडीवर जातो. वंदना पळसाखाली बसून कुठे खड्डा राहिला ते सांगते. आता त्या वाटेवरचा एकेक गोटा मला ठाऊक आहे. चढ कुठे दम काढतो, चाक कुठे घसरतं, सगळं पाठ आहे. डोळे मिटून पहिला येईन, पण दर वर्षी शर्यत आली की मला खाली उभं राहून टाळ्याच वाजवाव्या लागतात. तिसरा नियम आडवा येतो.