सुशीलेच्या हातावरचं दही

राजूरच्या स्टँडवर एसटी सुटायला आली तेव्हा आईनं पिशवीतून वाटी काढली आणि माझ्या हातावर दही घातलं. आप्पा मात्र पानाच्या टपरीपाशी पाठ करून उभे. बिनलग्नाची पोरगी इंग्रजी शिकवायला थेट इथिओपियाला चाललेली, ते त्यांना मुळीच पटलं नव्हतं. गाडी हलली तसे खिडकीशी आले आणि म्हणाले, "करमलं न्हाई तर सरळ माघारी यायचं. कोनी हसायचं न्हाई." मनात म्हटलं, बघाच तुम्ही आता.

सत्तर सालची ही गोष्ट. सुरुवातीला मला अजिबात करमलं नाही, हे आज सांगायला काय हरकत आहे. हवा आपल्या भंडारदऱ्यासारखी, पण ताटातला इंजेरा म्हणजे आंबूस धिरडं, तेही सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. वर्गातली पोरं माझ्या इंग्रजीला हसायची आणि मी त्यांच्या. घरमालकीण त्सेहाय, वयानं माझ्या आईएवढी, तोंडाची फटकळ. बाजारात मी जास्त पैसे मोजून आले की अंगणात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं झापायची. त्या झापण्यातूनच मी अम्हारी शिकले. मुकाट्यानं ऐकून घेणारी मी नव्हे, आणि उलट बोलायचं तर भाषा हवीच.

दुसरं वर्ष संपत आलं. करार वाढवायचा की गावी जायचं, हे त्याच आठवड्यात सांगायचं होतं. नेमके तेव्हाच सुशीला आणि तिचे यजमान वसंतराव आले. सुशीला माझी शाळेपासूनची मैत्रीण, दिली कोपरगावला. वसंतराव तिथल्याच एका साखर कारखान्यात फिटर. वर्षभर इथल्या एका साखर कारखान्यात काम करून दोघं परत निघाली होती. आल्या आल्या सुशीलेनं सांगून टाकलं, "आप्पांचा निरोप हाय. पोरीचे हाल दिसले तर हाताला धरून घेऊन ये."

झालं. मी पुरणपोळी केली, खिडकीला नवे पडदे लावले. माझं किती छान चाललंय ते दाखवायची नुसती धडपड. सुशीला पडद्यांकडे बघून म्हणाली, "कुनासाठी लावलेत गं?" मी तिच्या पोळीवर तूप वाढत राहिले.

संध्याकाळी त्सेहायनं कॉफीला बोलावलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, समोर बिया भाजायला घेतलेल्या. पहिला कप झाला आणि वसंतराव आपल्या रीतीनं कप पालथा घालून उठले. "बरंय, येतो." पाठोपाठ सुशीलाही उठली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? कारखान्याच्या वसाहतीत सगळे आपलेच लोक. इथं कॉफी तीनदा देतात आणि तिसरा कप म्हणजे घरचा आशीर्वाद. तो न घेता उठणं म्हणजे घर नाकारणं. त्सेहायचा चेहरा पडला. मग ती वळली ती माझ्यावर. पाहुण्यांना रीत सांगायला काय झालं होतं, म्हणून जी सुरू झाली! मीही तिच्याच भाषेत तिला सुनावलं, वसंतरावांना दंडाला धरून खाली बसवलं आणि त्यांचा कप सुलटा करून पुढे ठेवला. त्सेहायला हसू फुटलं. सुशीला मात्र हसत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती.

निघायच्या सकाळी ती उंबऱ्यात थांबली. "आप्पांना काय सांगू?"

मी आत गेले, वाटी आणली आणि तिच्या हातावर दही घातलं. तिनं सवयीनं ते तोंडाला लावलं आणि मग एकदम थबकली. "अगं, दही तर घरचं मानूस देतं."

"हो," मी म्हणाले. "तेच सांग."

गावाकडच्यांनो, तुम्ही अजून विचारता, घरी कधी येणार? राजूरला मी येतेच. स्टँडवर उतरले की आजही ऊर भरून येतो आणि आईचा हात आठवतो. पण तिथून निघताना मी हात पुढे करते. वाटी माझ्या हातात असते ती इथं.