खिळ्यांची घरं

माझा छापखाना उल्हासनगरात, जीन्सवाल्यांच्या गल्लीत. शिशाचे खिळे हाताने जुळवून छापणारा तिथे आता मी एकटाच उरलोय. शाळा तिसरीपर्यंत. अक्षरं मला खिळ्यांनी शिकवली, तीही उलटी. पण मास्तर लोकांच्या मजकुरातल्या चुका मी काढल्यात.

मागच्या वर्षी कात्रपची एक मुलगी महिनाभर शिकायला आली. कॉलेजने पाठवली होती, इंटर्नशिप म्हणे. पहिल्या दिवशी मी तिच्याशी बोललोच नाही. शेजारचा सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, बच्ची को बैठने तो बोलो. फर्निचर समझा है क्या?" तेव्हा स्टूल दिलं.

आठवड्यात सवय लागली. बायको गेल्यापासून विठ्ठलवाडीच्या खोलीत बोलायला कोणी नाही. इथे दिवसभर आजोबा हे काय, आजोबा ते काय. ती दहाला यायची, मी साडेआठलाच शटर उघडून बसायचो. मनात होतं, महिना संपल्यावरही हिने रविवारी यावं, माझ्यामागे हे काम निदान एकाला तरी येत असावं. पण मागणं माझ्या तोंडातून निघत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी डोळे तपासायला गेलो. परतलो तर ती दारातच उभी, खूश. खिळ्यांच्या लाकडी केसला अक्षरागणिक घर असतं, जास्त लागणारं अक्षर हाताजवळ. तिने सगळी घरं रिकामी करून, पुसून, शाळेतल्या तक्त्यासारखी क ख ग घ अशी ओळीने लावली होती. वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दिवसभर खपली होती बिचारी.

हेंद्रेपाड्यातल्या गिऱ्हाइकाची वास्तुशांतीची पत्रिका जुळवायची होती. मी नेहमीसारखा न बघता खिळे उचलत गेलो. प्रूफ काढलं तर एक शब्द धड नाही. ती वाचून हसली, मग माझा चेहरा बघून तिने केसकडे बोट दाखवलं.

"चिठ्ठ्या आहेत ना आजोबा, बघून घ्या."

"मला चिठ्ठ्या लागत नाहीत."

"मग मी परत होतं तसं लावते. सांगा, त कुठे होता?"

मला सांगता येईना. हाताला ठाऊक होतं, मला नव्हतं. डोळे मिटून केसवर हात नेला असता तर तो आपोआप थांबला असता. पण पोरीसमोर डोळे मिटून चाचपडत बसायचं?

"राहू दे," मी म्हणालो. "आजपासून केसला हात लावायचा नाही."

उरलेले दिवस ती मशीन पुसत राहिली. शेवटच्या दिवशी मी तिच्या कागदावर सही केली. तिने विचारलं, "मधून मधून येऊ का?"

"तुझा अभ्यास असेल," मी म्हणालो.

ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं, केस रिकामी केली आणि डोळे मिटून एकेक घर शोधलं. आठ दिवस लागले. हेच तिच्यासमोर केलं असतं तर तिने वहीत आखून घेतलं असतं, माझ्या पश्चात कुठेतरी राहिलं असतं. तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

दिवाळीत तिचा फोन आला.

"आजोबा, लागली का घरं?"

"लागली."

"मला दाखवाल? मी लिहून घेते."

"गिऱ्हाईक आलंय," म्हणून मी फोन कट केला. दुकानात कोणी नव्हतं. पुन्हा वाजेल म्हणून फोन थोडा वेळ हातातच धरून बसलो.